नेढं बुजलेला टी-शर्ट: सात महिन्यांच्या वापरानंतर

परवा स्वारगेटला बसची वाट बघत उभा होतो. शेजारचे आजोबा बराच वेळ माझ्या छातीकडे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "डोंगराआडचा चंद्र झकास काढलाय हो." मी नुसतं हसलो. तो चंद्र नाहीये. ते राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं आहे, म्हणजे कातळाला पडलेलं आरपार भोक, आणि त्यातून आरपार दिसायला हवं होतं. सात महिन्यांत मला हे निदान वीस जणांनी ऐकवलंय, तेव्हा आता एकदाच सगळं लिहून टाकतो. स्वतःच्या चित्राचे टी-शर्ट छापून घेणाऱ्या कुणाचे पैसे वाचले तर वाचू देत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवरायांचे आणि मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात राजगड आला आणि आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर टी-शर्टची टूम निघाली. चित्र मी काढायचं ठरलं, कारण फुकट काढणारा मीच. पेनने बारीक रेघारेघांचा कातळ काढला, खाली स्वतःच्या हाताने 'सुवेळा माची' लिहिलं, रंग दोनच ठेवले, तपकिरी आणि मळकट पांढरा. टी-शर्ट बॉटल ग्रीन. कातळाच्या मधोमध दोन इंचांचं अंड्याच्या आकाराचं नेढं रिकामं सोडलं होतं, म्हणजे तिथे टी-शर्टचाच हिरवा दिसेल. जे त्या नेढ्यात चढून बसलेत त्यांना माहीत आहे, तिथे वारा असा घुसतो की टोपी हातात धरावी लागते. चित्रात मला तेवढंच हवं होतं, बाकीचा डोंगर त्याच्यासाठी काढला होता.

नग २४. एवढ्यांसाठी डीटीएफ (चित्र आधी फिल्मवर छापून मग गोंद आणि उष्णतेने कापडावर चिकटवायची पद्धत) बरं पडेल असं सगळ्यांचं मत पडलं. दुकानाचं नाव घेत नाही. दर ३१० रुपये नग, टी-शर्टसकट, कापड १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम), बायोवॉश (एन्झाइमने धुऊन मऊ केलेलं). एकूण ७,४४० रुपये, निम्मे आगाऊ. पाच दिवसांत गठ्ठा हातात. वेळेबद्दल तक्रार नाही.

गठ्ठा उघडला आणि डोकंच फिरलं. नेढं पांढरंशुभ्र! नुसतं नेढंच नाही, 'सुवेळा'तल्या व चं पोट पांढरं, ळ ची दोन्ही पोटं पांढरी. ळ तर चष्मा लावल्यासारखा दिसत होता.

डीटीएफ कसं चालतं ते कामापुरतंच सांगतो. गडद कापडावर रंग उठावेत म्हणून मशीन चित्राच्या पाठीशी पांढऱ्या शाईचा थर देतं. फाइलमध्ये जागा पारदर्शक असेल तर तिथे काहीच पडत नाही. पण पांढरी असेल तर मशीनच्या लेखी तोही एक रंगच, ते इमानदारीने पांढरा छापतं. आणि फोटोशॉपमध्ये मॅजिक वँडने (एका क्लिकवर सारखा रंग निवडणारं साधन) पार्श्वभूमी उडवताना 'कंटिग्युअस'ची टिकमार्क तशीच राहिली, तर क्लिक केली तिथून सलग असलेलाच पांढरा जातो. दुकानात तेच झालं असणार: बाहेरचा गेला. रेघांनी वेढलेली नेढ्याची आणि अक्षरांच्या पोटातली बेटं तशीच राहिली. मराठी अक्षरं छापणाऱ्यांनी हे पाठच करावं: व, ब, ळ, ढ, ठ, क, फ. आपल्या लिपीला पोटं फार.

दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, पण छान दिसतंय की. चंद्र उगवल्यासारखं." म्हणजे चंद्राचं हे पिल्लू मुळात त्यानेच सोडलं. मालक आले, त्यांनी मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. त्यांनी पाठवलेल्या नमुन्याखाली मी 'ओके' लिहिलं होतं, वर अंगठाही दाखवला होता. नमुना पांढऱ्या टी-शर्टच्या फोटोवर बसवलेला. पांढऱ्यावर पांढरं भरलेलं काय आणि रिकामं काय, कुणाला दिसणार? मी म्हटलं, हिरव्याची ऑर्डर असताना नमुना पांढऱ्यावर कसा काय? ते म्हणाले, सगळ्यांना असाच पाठवतो. अर्धा तास भांडलो. २० रुपये नगामागे कमी केले, म्हणजे ४८० वाचले. त्यात आमच्या घरी दीड महिन्याचं वर्तमानपत्रही येत नाही... असो, येतं बहुतेक.

आता एक कबुली द्यावी लागतेय. हे लिहिता लिहिता त्या दुकानाबरोबरची चॅट पार वर सरकवून बघितली. मी सात महिने सगळ्यांना सांगत आलोय की मी पारदर्शक पीएनजी (रिकामी जागा रिकामीच ठेवणारी चित्राची फाइल) दिली होती. दिली होती, पण व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून न पाठवता फोटो म्हणून पाठवली होती. व्हॉट्सअॅप फोटोची जेपीईजी करून टाकतं आणि जेपीईजीत पारदर्शक नावाचा प्रकारच नसतो. म्हणजे नेढं पहिल्यांदा मीच बुजवलं, दुकानाने ते उकरलं नाही इतकंच. एक तारा द्यायच्या तयारीने बसलो होतो, तो आता तीनवर नेतो. तरीही हिरव्या कापडासाठी पांढऱ्यावर नमुना पाठवणं चूकच, त्यावरून मागे हटणार नाही.

दुरुस्तीचे प्रयोगही लिहितो, म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिल्या टी-शर्टवर ब्लेडने कड उचलली. थर कापडाचा कीस घेऊनच वर आला आणि नेढ्याच्या जागी जखम झाली. दुसऱ्याला आधी बटर पेपर ठेवून इस्त्री दिली आणि गरम असतानाच चिमट्याने ओढलं. शाई बरीचशी आली, पण खालचा गोंद तिथेच. त्यावर बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसाने घासलं. गोंद गेला आणि कापडाचा हिरवाही थोडा गेला. तिसऱ्याला सरळ हिरव्या मार्करने रंगवलं. दोन धुण्यांनंतर चंद्रावर शेवाळ आलं. चौथ्याला हात लावू नकोस, असं घरातून सांगण्यात आलं.

आता छपाईबद्दल, कारण राग वेगळा आणि छपाई वेगळी. सात महिन्यांत माझ्या टी-शर्टची तीस-बत्तीस धुणी झाली असतील. उलटा करून, थंड पाण्यात, ब्रश न लावता. केसासारखी बारीक रेघसुद्धा शाबूत आहे. आमच्यातल्या दोघांनी तो आणल्या दिवशीच मशीनला गरम पाण्यात टाकला, त्यांच्या कडा सुटायला लागल्यात. माझ्यावर भेगा फक्त पोटावर, जिथे कापड ताणलं जातं. त्यात टी-शर्टचा दोष कमी आणि माझा जास्त. एकदा इस्त्रीवाल्या मामांनी सुलटीकडूनच इस्त्री फिरवली, तेव्हा माचीचं टोक इस्त्रीला चिकटून गेलं. उचकटलेला भाग बटर पेपर ठेवून दाबून बसवला, तो बसला, पण त्या जागेला अजून चकाकी आहे.

खरा त्रास घामाचा. अकरा बाय बारा इंचांचा सलग छापा म्हणजे छातीवर रेक्झिनचा तुकडा शिवल्यासारखं. पायथ्याच्या गुंजवण्यातून चोर दरवाज्याने राजगड चढताना पद्मावती माचीवर पोचेपर्यंत आतून चौकोनी घाम. ऑक्टोबरमध्ये ही गत, तर आता एप्रिलमध्ये बसस्टॉपवर उभं राहण्यापुरताच घालतो. तेव्हा लक्षात आलं, नेढं रिकामं सुटलं असतं तर तेवढ्या दोन इंचांतून तरी हवा लागली असती. बायको म्हणते, तुझ्या डोक्यात नेढ्याशिवाय काही उरलेलं नाही. असेलही.

डिसेंबरमध्ये ग्रुपमध्ये नवीन मंडळी आली, आणखी १२ नग हवे होते. या वेळी लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणारे एक काका गाठले. स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून कापडावर उतरवायचा, हाताने. कोरे टी-शर्ट मी घाऊक दुकानातून आणले, १९० रुपयांना. तिरुपूरचा शंभर टक्के कॉटनचा माल म्हणून सांगितलं होतं, पण मी एक दोरा काढून काडीने पेटवून बघितला. कागदासारखा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. दोरा कापडातलाच काढायचा, शिवणीतला नाही. शिवण बहुधा पॉलिएस्टरचीच असते आणि मग उगाच दुकानदाराशी भांडण होतं. (झालं.)

काकांनी माझं चित्र भिंगातून बघितलं आणि परत दिलं. "रेघा जाड करून आणा. एवढ्या बारीक जाळीतून उतरत नाहीत." चार रात्री बसून पुन्हा काढलं. मग त्यांनी पॉझिटिव्हवर (ज्यावरून स्क्रीन बनते त्या फिल्मवर) बोट ठेवून विचारलं, "हे मधलं भोक मोकळं सोडायचं ना?" खरं सांगतो, तिथेच त्यांना पाच तारे दिले. या माणसाने राजगड पाहिलेला नाही, पण छापायच्या आधी हे विचारलं.

हिशेब: दोन रंगांच्या दोन स्क्रीन, ३५० प्रमाणे ७००. छपाई रंगाला ३५, म्हणजे नगामागे ७०. टी-शर्ट धरून १२ नगांचे ३,८२० रुपये, म्हणजे नग ३१८ला पडला. डीटीएफच्या मूळ दरापेक्षा आठ रुपये जास्त. हेच २४ केले असते तर २८९ला पडले असते, आणि पाचच हवे असते तर ४००. चौदाच्या आत डीटीएफ, वर स्क्रीन, असा माझ्यापुरता आकडा बसवलाय. तुमच्या चित्रात चार रंग असतील तर चार स्क्रीन आल्या आणि हा हिशेब कोलमडला.

काकांच्या कामातही खोट आहे. तीन नगांवर पांढरा रंग तपकिरीपासून मिलिमीटरभर सरकलाय, रजिस्टर जुळलेलं नाही. रेघा जाड केल्यामुळे कातळाचा कातळपणा गेला, लांबून खडी टाकल्यासारखं दिसतं. फोटोत डीटीएफच उजवा दिसतो हे मान्य. पण रेघांच्या मधून कापड मोकळं राहिलंय, अंगाला हवा लागते, आणि चार महिन्यांत एकानेही चंद्र म्हटलेलं नाही. एकाने डोळा म्हटलं, ते चालवून घेतलं.

ब्लेडने जखमी केलेल्या पहिल्या टी-शर्टचं घरात फडकं झालंय. त्यातही अडचण अशी निघाली की छापलेला भाग पाणी शोषतच नाही, ओट्यावर नुसता फिरवत राहतो. गेल्या आठवड्यात बायकोने वैतागून तेवढा चौकोन कात्रीने कापून टाकला. फडकं आता गॅलरीतल्या दोरीवर वाळत असतं, मधोमध मोठं भोक, आणि त्यातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.