कारलोनसोबत गळ्यात मारलेला विमा: लोकपालाकडे जावं की ग्राहक आयोगात?

गाडीसाठी कर्ज मागितलं ६ लाख, सँक्शन लेटरवर मात्र ६,१८,०००. वरचे १८,००० हा कर्जदाराच्या जीवन विम्याचा एकरकमी हप्ता, थेट मुद्दलात मिळवलेला. साडेनऊ टक्के व्याजाने ५ वर्षांत त्यापोटी महिन्याला सुमारे ३७८ रुपये, म्हणजे एकूण २२,७०० च्या आसपास खिशातून जातात. ‘इन्शुरन्सशिवाय फाइल पुढे सरकत नाही’ असं सांगून सही घेतली असेल, तर ती सरळसरळ फसवणूक आहे. कायद्याने सक्तीचा आहे तो गाडीचा थर्ड पार्टी विमा, तुमचा जीवन विमा नव्हे.

पॉलिसी मिळून ३० दिवस उलटले नसतील तर फ्री लूकमध्ये (नको असलेली पॉलिसी परत करण्याच्या मुदतीत) ती रद्द करा, विषय संपला. जुन्या कर्जाला ती सोय उरत नाही.

विमा लोकपाल म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. त्याच्याकडे फी नाही आणि वकीलही चालत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर तिथून वर्षभराच्या आत लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. कागदपत्रं पूर्ण झाल्यावर ३ महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो. तो कंपनीला पाळावाच लागतो, तुम्हाला पटला नाही तर पुढे जाता येतं. मात्र भरपाई प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच, मनस्तापाचा एक रुपयाही नाही.

ग्राहक आयोगात बँक आणि विमा कंपनी दोघांनाही उभं करता येतं. हप्ता, त्यावरचं व्याज, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च, सगळं मागता येतं. एवढ्या रकमेला फी लागत नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. पण तारखांवर तारखा पडतात आणि निकालानंतर समोरचा अपिलात जाऊ शकतो. शिवाय तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.

क्रम चुकवू नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. उलट लोकपालाकडे मनासारखं झालं नाही तर आयोग खुला असतो. फक्त लोकपालाकडे गेलात म्हणून ती २ वर्षं थांबतील असं धरून चालू नका.

माझं मत स्पष्ट आहे: फक्त हप्ता परत हवा असेल तर लोकपाल. बँकेलाही जाब विचारायचा असेल किंवा २ वर्षं संपत आली असतील तर थेट आयोग.

कर्ज मुदतीआधी फेडलं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. कर्ज मिटलं म्हणून विमा आपोआप मिटतोच असं नाही. उरलेल्या काळाचं सरेंडर मूल्य, म्हणजे विमा मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, बहुतेकजण मागतच नाहीत. ते लेखी मागा, आणि त्याच पत्रात तुमच्या प्रपोजल फॉर्मची (विम्याच्या अर्जाची) प्रतही मागा. त्यावरची सही किंवा ओटीपीची नोंद तुमची नसेल, तर दोन्हीकडे तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.