जोडमोटर आणि ऑटो चेंजओव्हर पॅनल : एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

पलूसकडे कृष्णाकाठी आमचा ऊस आहे. जॅकवेलमध्ये (नदीकाठच्या पाणी उपसायच्या विहिरीत) साडेसात एचपीच्या दोन सबमर्सिबल मोटरी आणि वर ऑटो चेंजओव्हर पॅनल, असा सेट गेल्या हिवाळ्यात बसवला. पॅनलचं काम एक नंबर. एक मोटर ट्रिप झाली की दुसरी आपोआप लागते, मोबाइलवर मेसेज येतो, फेज गेला तर लगेच बंद करतं.

हरकत आहे ती विकताना मांडलेल्या हिशेबावर. एक मोटर महिन्यात बंद पडण्याची शक्यता १०० त १०, म्हणून दोन्ही बंद पडण्याची १०० त १! हा गुणाकार मोटरी दोन वेगळ्या गावांत असत्या तर पटला असता. इथे डीपी (वीज येते तो ट्रान्सफॉर्मर) एक, पाणी एक, गाळही एकच. एप्रिलमध्ये व्होल्टेज पडलं, पहिली ट्रिप झाली, पॅनलने इमानेइतबारे दुसरी लावली, तीही ट्रिप. जुलैत दोन्हींच्या जाळ्या एकदमच चोंदल्या.

उदाहरणादाखल आकडे धरा. वर्षातले १० महिने साधे. त्यात प्रत्येक मोटर बंद पडण्याची शक्यता १०० त २. उरलेले २ महिने वाईट. त्यात १०० त ५०. सरासरी १०० त १० च येते. पण दोन्ही एकाच महिन्यात बंद पडण्याची शक्यता निघते १०० त ४.२, म्हणजे सांगितल्याच्या चौपट. महिना कसा आहे हे माहीत असेल तर मोटरी एकमेकींपासून स्वतंत्रच असतात. ते आधी कळत नाही, तिथेच त्यांची नशिबं जोडली जातात. संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली आणि हुबळीत शिकलेले नोझर सिंगपूरवाला यांनी १९८६ मध्ये हा विचार गणितात बसवला.

मोठ्या ठिकाणीही हेच होतं. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ च्या त्सुनामीत तळघरांतले डिझेल जनरेटर बुडाले. हवेवर थंड होणारे काही वर होते, पण त्यातल्या दोघांची पॅनलं पाण्यात गेली आणि तेही कामाचे राहिले नाहीत. सहाव्या युनिटचा (अणुभट्टीचा) एक तेवढा चालू राहिला. त्याच्यावर पाचवं आणि सहावं युनिट सावरलं.

तेव्हा सेट घ्या, पण दोन्ही मोटरी एकाच जॅकवेलमध्ये सोडू नका. पॅनल २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर बसवा; त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आम्ही दुसरी मोटर मळ्यातल्या विहिरीवर हलवतोय, तिथला डीपी वेगळा आहे. ऑटोची सोय जाईल, हाताने बटण दाबायला जावं लागेल. चालेल.