लिहिताना अडकलं की जागा बदलायची की लेखनाचा प्रकार?

जागा बदलायची तर इंदूरकरांना सोप्पा उपाय म्हणजे रात्री सराफा बाजार. दिवसा जिथे सोन्याचांदीची दुकानं तिथेच रात्री खाण्याचे ठेले लागतात, थंडीत गराडू (एक कंद) तळून वर जीरावन मसाला भुरभुरवतात, आणि तो ठेलेवाला गिऱ्हाइकाशी मालवी-हिंदी मिसळून जे बोलतो ते नुसतं ऐकत बसलं तरी डायलॉग सुचतात. पण घरी येऊन लिहितो परत आपल्याच साच्यातलं, हा लोचा आहेच.

लेखनाचा प्रकार बदलणं जाम त्रासदायक. गझलवाल्याने एकांकिका लिहून बघावी, तिथे 'उदास' म्हणून भागत नाही, पात्राला चहा तसाच ठेवून उठावं लागतं. पहिला ड्राफ्ट भंगार होणार, होऊ दे. मला विचाराल तर हेच जास्त कामाचं, सराफ्यात काय, भूक लागली की जाणं होतंच.