टेबलावर चालला, मांडवात बंद पडला

सातारा जिल्ह्यात आमचं मंगल कार्यालय आहे. हॉल पुढे, जेवणाचा मांडव मागे. मुहूर्ताला वयस्कर मंडळींना मांडवातून उठून यावं लागू नये, म्हणून स्टेजवरच्या कॅमेऱ्याचं चित्र मागच्या टीव्हीवर न्यायचं ठरवलं. अंतर ९० मीटर. साधी एचडीएमआय वायर एवढी लांब चालत नाही, म्हणून कोॲक्स केबलवरचा (डिशची असते तशी, मध्ये एक तार आणि भोवती धातूची जाळी) एक्स्टेंडर, म्हणजे चित्र लांब नेणारी दोन डब्यांची जोडी, घेतला. स्टेजकडे ट्रान्समीटर, टीव्हीमागे रिसीव्हर, मध्ये आरजी-६ जातीची कोॲक्स केबल. रिसीव्हरला लागणारी वीजही त्याच केबलमधून जाते.

दुकानदाराने टेबलावर जोडून दाखवलं, चित्र एकदम स्वच्छ. मधली केबल जेमतेम दीड मीटरची होती, ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. "केबल प्युअर कॉपर आहे काका, परत बघायला नको," म्हणत त्याने भावही तांब्याचाच लावला. त्याच्या पोरांनी मी पोचायच्या आत सगळी केबल पाइपात ओढून टाकली होती.

पहिल्याच लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना मागचा टीव्ही काळा पडला. रिसीव्हरचा हिरवा दिवा लागायचा, चार-पाच सेकंदांनी विझायचा, परत लागायचा. एक आजी मुठीत अक्षता धरून पडद्याकडे बघत बसल्या होत्या. पुढे वाजंत्री वाजली तरी त्यांची मूठ मिटलेलीच. ते अजून जिवाला लागतं.

"परवा वीज कडाडली ना काका, बॉक्स उडालाय," दुकानदार म्हणाला. नवी जोडी, ९,५०० रुपये. तोच प्रकार. मग बूस्टर, २,२००. तरी दिवा तसाच.

शेवटी गावात डिशची कामं करणारा एक मुलगा आला. त्याने टोकाचा कनेक्टर कापला आणि मधली तार ब्लेडने खरवडली. वरचा लाल रंग गेला, खाली पांढरट धातू. जुन्या स्पीकरच्या चुंबकापाशी नेली तर चिकटली. तांबं चुंबकाला चिकटत नाही. मग मांडवाकडच्या टोकाला मधली तार आणि जाळी एकत्र पिळून त्याने स्टेजकडून मीटर लावून तारेचा विजेला होणारा अडथळा मोजला: १३.५ ओहम. तांब्याची असती तर मधल्या तारेचे साधारण २ आणि जाळीचे थोडे, एवढेच भरले असते. रिसीव्हर १२ व्होल्टचा. त्याने अर्धा अँपिअर ओढला की पावणेसात व्होल्ट वाटेतच जिरणार, मग तो बंद पडणारच.

पोलादावर तांब्याचा मुलामा असलेली केबल वाईट नसते. डिशला तीच सर्रास वापरतात, कारण तो वरच्या फ्रीक्वेन्सीचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो. पण वीज अख्ख्या गाभ्यातून जाते आणि तिथे पोलाद नडतं. म्हणूनच नवा कनेक्टर बसवून रिसीव्हरला मागे वेगळा अडॅप्टर लावल्याबरोबर चित्र आलं. कपाटात ठेवलेला तो 'उडालेला' बॉक्सही त्याच अडॅप्टरवर व्यवस्थित चालला. तांब्याचे पैसे घेऊन पोलाद दिलं आणि वर चांगला बॉक्स खराब ठरवून दुसरा गळ्यात मारला, ही फसवणूक.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडे कच्ची पावती, तिच्यावर नुसतं 'केबल १ बंडल'. पक्क्या बिलावर 'कॉपर कोअर' लिहून घ्या. केबल पाइपात जायच्या आधी, बंडल जमिनीवर असतानाच तार खरवडा. दोन्ही टोकं हाताशी असतात, तेव्हाच मीटरही लावून घ्या.

त्याच दुकानदाराने शेजारच्या गावातल्या कार्यालयातही हेच काम केलंय. काल तिथे जाऊन तार खरवडली. तीही पांढरी निघाली.