बोन कंडक्शन हेडफोन: दोघींनी वर्षभर वापरून

हे हेडफोन कानात घालायचे नसतात, कानाच्या पुढे गालाच्या हाडावर टेकतात, हाडातून कंपनं थेट आतल्या कानापर्यंत जातात आणि कान मोकळाच राहतो. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही कारण थोडी कुरकुर पण करणार आहे. वजन ३० ग्रॅमच्या आत, बॅटरी ८ तास म्हणतात, मला सात मिळते, किंमत १३० डॉलरच्या आसपास.

मी मूळची नगरची, आता अटलांटाजवळ. घेतले ते गाड्यांसाठी, आमच्या सबडिव्हिजनमध्ये (म्हणजे वसाहतीत) फुटपाथ मधेच संपतो आणि इलेक्ट्रिक गाडी मागून आलेली कळतच नाही. माझे बघून सिस्टरनेही घेतले. ती इथल्या ब्लॅक बाप्टिस्ट चर्चमध्ये भेटली, पंचावन्नच्या पुढची आहे, चर्चमध्ये सगळे एकमेकींना सिस्टरच म्हणतात (आपल्याकडे सिस्टर म्हणजे एकतर नर्स नाहीतर नन, मला सवय व्हायला वेळ लागला). मी म्हटलं तुलाही गाड्यांची भीती वाटते का, तर म्हणाली गाड्यांची नाही, गाडीतल्या माणसांची.

आधी ती एकच इअरबड लावायची, एक कान कायम रिकामा. उजाडल्याशिवाय पळायचं नाही, कपडे भडक, जमलं तर चर्चच्या रनचा टीशर्ट, लायसन्स खिशात. मी तिच्याच बाजूने पळते तर लोक मला हसून हाय करतात, एकाने तर डॉक्टर आहेस का विचारलं, आणि तिला त्याच गल्लीत विचारतात की तू इथे राहतेस का. मागून पिकअप हळू झाला की तिचा वेग बदलतो, हे मला पहिले सहा महिने कळलंच नव्हतं. याच जॉर्जियात २३ फेब्रुवारी २०२० ला ब्रन्सविकजवळ अहमाद आर्बरी हा २५ वर्षांचा ब्लॅक मुलगा पळत असताना तिघा गोऱ्यांनी पिकअपमधून पाठलाग केला आणि त्यातल्या एकाने त्याला गोळ्या घातल्या. आता त्या तारखेला लोक २.२३ मैल पळतात (इथे तारीख २/२३ अशी लिहितात), आम्हीपण पळतो. त्या दिवशी हेडफोन घरी.

नगरहून आई फोनवर अजून म्हणते उन्हात पळू नको काळी पडशील. हे मी सिस्टरला एकदा हसत हसत सांगायला लागले आणि अर्ध्यात जीभ चावली. ती हसली नाही, रागावलीही नाही, म्हणाली पाणी पी, चल.

बरं, आवाज. बेस नाही म्हणजे नाहीच. गॉस्पेलमध्ये, म्हणजे ब्लॅक चर्चमधल्या भक्तिगीतांत, हॅमंड ऑर्गन आणि ड्रम्स हा अर्धा जीव असतो, तो गायब, आणि आवाज फुल केला की गालाला गुदगुल्या होतात. पण गाणारीचा गळा मात्र स्वच्छ येतो, मॅहेलिया जॅक्सन ऐकून बघा. चढावर सिस्टर गाणं बंद करते आणि १२१ वं स्तोत्र पुटपुटते, जाण्यायेण्याचं रक्षण करणाऱ्या देवाचं, धाप लागली की ओळ तुटते, मग परत पहिल्यापासून. मी बालपणी संडे स्कूलमध्ये तेच मराठीत पाठ केलं होतं पण तेव्हा ते प्रवासाला निघताना म्हणायचं होतं, सकाळच्या तीन मैलांसाठी नाही. हायवेच्या कडेला पॉडकास्ट विसरा, काही कळत नाही. चार्जिंगची केबल वेगळीच येते, हरवली की बसा.

फिटिंगला १० पैकी ९. पट्टी मानेमागून जाते, त्यामुळे तिच्या बारीक वेण्यांना आणि कॅपला अडचण नाही, माझा अंबाडा मात्र अडकतो, तो वर बांधावा लागतो.

सिस्टर टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलची, म्हणजे धावपटू विल्मा रुडॉल्फच्या गावची. पोलिओने पायाला ब्रेस लागलेली ही मुलगी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ३ सुवर्ण जिंकली, आणि गावाने मिरवणूक ठरवली तर म्हणाली काळे-गोरे वेगळे असतील तर मी येणार नाही. गावाला ऐकावं लागलं. सिस्टरची आई त्या मिरवणुकीत उभी होती, आणि सिस्टर ते असं सांगते जणू स्वतःच होती (तेव्हा जन्मलीही नव्हती).

घ्यायचे का? शांत रस्त्यावर पळत असाल तर घ्या, जिमसाठी नको, तिथे साधे इअरबड बरे. सेल लागेपर्यंत थांबा. गेल्या महिन्यात सिस्टरने दुसऱ्या गावी कॉलेजला असलेल्या मुलीसाठी पण एक मागवला, ती एकटीच पळते. काळा रंग २० डॉलरने स्वस्त होता. तिने भडक केशरी घेतला.