काकांची वॅगनआर आमच्या नावावर: नऊ महिन्यांचा अनुभव

ऑगस्ट 2024 मध्ये कोथरूडच्या एका निवृत्त काकांकडून 2017ची वॅगनआर घेतली. मध्ये डीलर नाही, एजंट नाही. गाडीने नऊ महिन्यांत एकदाही त्रास दिला नाही, त्यामुळे तिच्याबद्दल फार लिहीत नाही. लिहायचंय ते कागदांबद्दल, त्यातही इन्शुरन्सबद्दल. तिथे मी थोडक्यात वाचले.

चावी देताना काका म्हणाले, "इन्शुरन्स मार्चपर्यंत भरलेला आहे, तुम्हाला बघायला नको." त्यांनी मनापासून सांगितलं, पण ते अर्धंच खरं होतं. गाडी विकली की पॉलिसीतला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, भाग तेवढा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. त्यासाठी 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते.

इन्शुरन्स कंपनीच्या शाखेत गेले तर "आधी नवीन आरसी आणा" म्हणून परत पाठवलं. आरसी म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र. चौदा दिवसांत आरसी येणार कुठून? आमची तर अजूनच अडकलेली. काकांचं कर्ज 2022 मध्येच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, फाइलमध्ये सापडली, तर तिची मुदत संपलेली. मग नवी एनओसी, बोजा काढायचा फॉर्म 35, आणि मालकी बदलाचे फॉर्म 29 व 30. फॉर्मसाठी गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची असते, ते मी आणि काकांनी बॉनेटमध्ये वाकून केलं. दोनदा 8 चा 3 दिसत होता, तिसऱ्यांदा नीट उमटला.

सह्या झालेले फॉर्म आणि विक्रीची पावती घेऊन पुन्हा त्याच शाखेत गेले आणि साहेबांनाच भेटले. विक्रीचा पुरावा आणि नवा प्रपोजल फॉर्म, एवढ्यावर काम झालं. आरसी ऑक्टोबरच्या शेवटी पोस्टाने आली; तोवर थांबले असते तर दोन महिने गाडी स्वतःच्या नुकसानीच्या विम्याविना उघडी राहिली असती.

पैसे किती गेले? काकांना 50 टक्के नो क्लेम बोनस होता, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. म्हणून उरलेल्या सात महिन्यांचा फरक, 1,400 रुपये आणि वर जीएसटी, मला भरावा लागला. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवचही माझ्या नावाने नव्याने घेतलं.

डिसेंबरमध्ये सिंहगड रोडला रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने डावा दरवाजा चेपला. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर आरसीवरचं आणि पॉलिसीवरचं नाव. दोन्हीकडे माझंच होतं. प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायचे सक्तीचे 1,000 रुपये आणि प्लास्टिकच्या भागांची वापरामुळे धरलेली घट कापून बाकीचं बिल कंपनीने दिलं. नाव काकांचं राहिलं असतं तर सगळा खर्च माझ्या खिशातून गेला असता, हे त्या दिवशी गॅरेजमध्ये उभं असताना फार जाणवलं.

विकणाऱ्यानेही हे अंगावर घ्यायला हवं. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे आरसी बदलण्याआधी माझ्या हातून अपघात झाला असता तर भरपाईची नोटीस काकांच्या दारात गेली असती. काकांना ते पटलं, म्हणूनच ते प्रत्येक खेपेला माझ्याबरोबर आले. बोनसचं प्रमाणपत्र मात्र त्यांनी आठवणीने मागून घेतलं. ते तीन वर्षं चालतं. दसऱ्याला त्यांनी नवी गाडी घेतली, तेव्हा तिच्या पहिल्याच हप्त्यात त्यांना ते 50 टक्के मिळाले, आणि पेढे घेऊन ते आमच्याकडे आले.