ट्यूब प्रीअँप आणि हरवलेला डग्गा : दीड वर्षाच्या वापरानंतर

ट्यूब प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी बसणारं, आवाज कमी-जास्त करणारं यंत्र) लावल्यावर तबल्याचा डग्गा नीट ऐकू येत नाही, या माझ्या तक्रारीवर सर्व्हिसवाल्याने परत एकदा "साहेब, तुमच्या खोलीचा प्रॉब्लेम आहे, जाड पडदे लावा" असं सांगितलं आणि मी ठरवलं, आता सगळं सविस्तर लिहायचं. प्रीअँप कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. याच जातीच्या बऱ्याच प्रीअँपमध्ये ही भानगड निघू शकते.

माझा सेट असा: वॉर्फडेल लिंटन स्पीकर स्टँडसकट, ते चालवणारं दहा किलोओहम इनपुटचं ट्रान्झिस्टर पॉवर अँप, आणि त्याच्या आधी १२एएक्स७ व १२एयू७ या ट्यूब (काचेचे व्हॉल्व्ह) असलेला चिनी बनावटीचा प्रीअँप.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. किशोरीताईंची जुनी रेकॉर्डिंग्ज या प्रीअँपवर लावली की आवाजाभोवती हवा जाणवते. षड्ज लागला की तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते, आवाजात मिसळून जात नाही. नाट्यसंगीताच्या जुन्या मोनो रेकॉर्डसुद्धा टोचत नाहीत. पहिल्या महिन्यात मी रोज रात्री जेवण झाल्यावर ऐकायला बसायचो.

पण डग्गा गायब होता. तबल्याची चाट खणखणीत, आणि डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोटं मारल्यासारखा. घुमारा नाहीच. विलंबित एकतालात तर ठेका अर्धाच वाजतोय असं वाटायचं. ज्याला शास्त्रीय ऐकायचं आहे त्याच्या दृष्टीने ही बारीक तक्रार नव्हे. आयातदाराच्या दुकानात हाच प्रीअँप ऐकला होता, तिथे डग्गा भरून येत होता. मग घरी काय झालं?

आयातदाराची उत्तरं क्रमाने अशी: खोली, पडदे, अजून रन-इन झालेला नाही (म्हणजे पुरेसे तास वाजून रुळलेला नाही), आणि शेवटी दोन यंत्रं जोडणारी अठरा हजारांची इंटरकनेक्ट केबल. अठरा हजार! मी डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला चालणारा सिग्नल करणारं यंत्र) प्रीअँप वगळून सरळ पॉवर अँपला जोडून बघितला. डग्गा लगेच परत आला. तीच खोली, तेच पडदे, तीच केबल. म्हणजे दोष प्रीअँप आणि पॉवर अँप यांच्या जोडीतच होता.

कारण एका कपॅसिटरमध्ये सापडलं. ट्यूबच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज असतं, ते पुढे जाऊ नये म्हणून कपलिंग कपॅसिटर टाकतात. माझ्या प्रीअँपमध्ये तो ०.२२ मायक्रोफॅरडचा निघाला. हा कपॅसिटर आणि पुढच्या अँपचा इनपुट रेझिस्टन्स मिळून खालचे सूर कापणारा फिल्टर तयार होतो. पुढे शंभर किलोओहमचं अँप असेल तर कापणी ७ हर्ट्झच्या आसपास सुरू होते, कानाला काही कळत नाही. दहा किलोओहमला तोच आकडा ७२ हर्ट्झवर जातो, आणि तिथे ताकद निम्मी झालेली असते. दुकानात पुढे ट्यूब पॉवर अँप होतं, त्यांचं इनपुट बहुधा शंभर किलोओहमच्या घरात असतं. म्हणून तिथे डग्गा होता.

मॅन्युअलमध्ये एक ओळ छापली असती, की ५० किलोओहमपेक्षा कमी इनपुटच्या अँपला जोडू नका, तर एवढे महिने वाया गेले नसते. सोनेरी फेसप्लेटचे फोटो चार पानं आहेत, आउटपुटला किती किलोओहम लोड चालेल याचा मात्र उल्लेखच नाही. मला याचा राग आहे आणि तो जाणार नाही.

उपाय तपकीर गल्लीत मिळाला. २.२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचे पॉलीप्रॉपिलीन कपॅसिटर, दोन्ही चॅनेलचे मिळून काहीशे रुपये. बसवून दिले एका जुन्या रेडिओ मेकॅनिक काकांनी. स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहतं. नवे कपॅसिटर आकाराने मोठे आहेत, काकांनी ते आडवे चिकटवून टाय मारले. आता कापणी पुन्हा ७ हर्ट्झवर आहे. डग्ग्याची मींड शेवटपर्यंत ऐकू येते. आयातदाराने मात्र "सील तोडलं, वॉरंटी संपली" म्हणून हात वर केले.

एक पथ्य पाळावं लागतं. कपॅसिटर मोठा असला की ट्यूब गरम होताना स्पीकरमध्ये मोठा धक्का जाऊ शकतो. प्रीअँप आधी चालू करायचा, मिनिटभर थांबून पॉवर अँप. बंद करताना उलट.

गणपतीच्या सुमारास मित्राचं ईएल३४ ट्यूबचं पुश-पुल (ट्यूब जोडीने काम करतात असं) पॉवर अँप घरी आणलं. लिंटनची सेन्सिटिव्हिटी ९० डीबी, म्हणजे थोड्या ताकदीतही ते मोठ्याने वाजतात, तेव्हा कुठलंही ट्यूब अँप चालेल, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. आता मत बदललं आहे. डीबीपेक्षा स्पीकरचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) खाली कुठपर्यंत जातो ते जास्त महत्त्वाचं, आणि लिंटनचा साडेतीन ओहमपर्यंत उतरतो. अँपच्या मागे स्पीकरची वायर लावायला आठ आणि चार ओहमचे वेगळे टॅप असतात. आठ ओहमच्या टॅपवर खालचा आवाज सैल, पसरलेला. चारच्या टॅपवर वायर लावली आणि डग्गा एकदम बांधीव झाला. त्या टॅपवर अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स साधारण निम्मा होतो, त्यामुळे स्पीकरवर पकड बसते. खर्च शून्य. ज्यांच्याकडे ट्यूब अँप आहे त्यांनी आज रात्रीच दोन्ही टॅप ऐकून बघा.

तरी ते अँप मी घेणार नाही. चार ईएल३४ चे नुसते हीटरच (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारा) ३८ वॉट खातात, एप्रिलमधल्या पुण्यात ते नको. शिवाय त्याचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा. आमच्याकडे रात्री महावितरणचं व्होल्टेज २४५ ला जातं, मग ६.३ व्होल्टच्या हीटरला सात व्होल्ट मिळतात. दहा टक्क्यांची मर्यादा तिथेच ओलांडली, ट्यूब लवकर म्हाताऱ्या होणार. २०२२ मध्ये रशियातून ट्यूबची निर्यात काही काळ थांबली होती, तेव्हापासून चार ट्यूबचा चांगला जुळवलेला चौकडा घेताना खिसा चाचपावा लागतो. माझा प्रीअँपही २२० चाच, म्हणून त्याच्यामागे छोटा सर्व्हो स्टॅबिलायझर लावला आहे.

सध्या ट्यूब प्रीअँप आणि ट्रान्झिस्टर पॉवर अँप हीच जोडी ठेवली आहे आणि मी समाधानी आहे. नवीन घेणाऱ्यांनी प्रीअँपचा आउटपुट इम्पिडन्स, कपलिंग कपॅसिटर आणि पॉवर अँपचा इनपुट इम्पिडन्स हे आकडे विक्रेत्याकडून लेखी मागावेत. आकडे द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.